शनिवार तळघरात

मुलीचे आईवडील आणि मुलाचे आईवडील यांनी एकाच वेळी अमेरिकेत असू नये, हा नियम कुठल्या स्मृतिग्रंथात लिहिलेला नाही. पण न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी घराला तो पाठ असतो. एक आजी मुक्काम आटोपून निघाली की दुसरी उतरते. दोघींची गाठ पडलीच तर विमानतळावर, बॅगा चढवता-उतरवता, 'प्रकृती बरी ना?' एवढ्यापुरती. आमच्या बाबतीत स्वस्त तिकिटांच्या तारखांनी घोळ घातला आणि दोन्हीकडचे मिळून चार ज्येष्ठ नागरिक एका छताखाली आले.

जावईबापू समंजस. 'तुम्ही बसा हो, मी करते' हे वाक्य दोन्ही आज्यांच्या तोंडून त्यांनी दिवसभर ऐकलं, फ्रिजमध्ये आमटीची दोन वेगवेगळी पातेली पाहिली, आणि शुक्रवारी रात्री जाहीर केलं, "आपण सगळे रोडट्रिपला जाऊ या." माणसं एका जागी बसली की भांडतात आणि चालत्या गाडीत झोपतात, हे त्यांनी मुलाच्या बाबतीत पडताळून पाहिलेलं होतं. तोच उपाय त्यांनी वडीलधाऱ्यांवर केला.

मिनीव्हॅनमध्ये पुढच्या सीटवर कोणी बसायचं यावर आमच्यात आणि व्याह्यांत बराच वेळ चर्चा झाली. चर्चा म्हणजे, अण्णासाहेब मला ढकलत होते आणि मी त्यांना. शेवटी मुलगी वैतागून स्वतःच पुढे बसली, आणि आपला मान राखला गेला म्हणून आम्ही चौघेही निवांत झालो. गाडीत आई दोन होत्या, त्यामुळे मुलीने नुसतं "आई, पाणी" म्हटलं की मागून दोन बाटल्या पुढे येत. डबेही दोन. सौ.च्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, विहीणबाईंच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दोघी एकमेकींच्या पदार्थाचं तोंडभरून कौतुक करत आणि नातवाला मात्र आपलाच पदार्थ भरवत. वॉशिंग्टनला वळसा घालून आम्ही व्हर्जिनियाच्या डोंगरांकडे लागलो तोवर नातू दोन्ही डबे बाजूला सारून चिप्सचं पाकीट उघडून बसला होता.

व्हर्जिनिया हे राष्ट्राध्यक्ष पिकवणारं राज्य. आजवर आठ झाले इथे. पहिल्या पाचांतले चार तर इथलेच: वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन आणि मन्रो. त्यातल्या शेवटच्या तिघांची घरं शार्लट्सव्हिलच्या आसपास, एकमेकांच्या उठण्याबसण्यातली. हे ऐकल्यावर अण्णासाहेब सावरून बसले. ते साताऱ्याचे. आपल्या जिल्ह्याने महाराष्ट्राला किती मुख्यमंत्री दिले हे ते यशवंतरावांपासून बोटांवर मोजू लागले, आणि यशवंतरावांचं देवराष्ट्रे आता सांगली जिल्ह्यात येतं असं मी म्हटल्यावर पुढचे काही मैल ते खिडकीबाहेर बघत राहिले. व्याह्यांमध्ये भूगोल काढू नये.

जावईबापूंनी निवडलं होतं ते तिसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं, टॉमस जेफरसनचं घर. मॉन्टिचेलो. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर १९३८ पासून आहे ते हेच. सौ.च्या पर्समध्ये सुट्टी नाणी नेहमीच असतात. डोंगराच्या पायथ्याला तिकिटं काढून, तिथल्या छोट्या बसने वर पोहोचल्यावर तिने एक नाणं काढलं, हात लांब करून समोर धरलं, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "हे ते नव्हे." बसमधल्या आणखी दोन-तीन बायकांनीही नाणी काढली. सौ.चं बरोबर होतं. बस जिथे उतरवते ती घराची पूर्वेकडची, दर्शनी बाजू. नाण्यावर आहे ती पश्चिमेची, हिरवळीकडची. दोन्ही बाजूंना खांबांचा ऐटदार सज्जा, त्यामुळे घराला पाठ अशी नाहीच. पाठ नसलेल्या घरात मागच्या दाराने येणारी माणसं कुठून यायची, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

अण्णासाहेब सरकारी बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. कुठल्याही इमारतीसमोर उभे राहिले की त्यांचा हात आपोआप भिंतीकडे जातो, टकटक करून बघायला. इथे पहिलीच सूचना 'भिंतींना हात लावू नये' अशी मिळाल्याने ते हात मागे बांधून, नाराजीने हिंडत होते. पण बांधकामाची हकीकत सुरू झाली तशी त्यांची कळी खुलली. जेफरसनने हे घर १७६९ मध्ये बांधायला घेतलं. जानेवारी १७७२ मध्ये, भर बर्फात, नव्या नवरीला घेऊन तो डोंगर चढून आला तेव्हा राहण्याजोगी होती ती एका खोलीची एक छोटी इमारत. पुढे तो वकील म्हणून फ्रान्सला गेला (वकील म्हणजे पेशव्यांच्या दरबारात असत तसा), पॅरिसचे घुमट बघून आला, आणि परत येऊन बरंचसं झालेलं घर वरून पाडायला लागला. काम संपलं १८०९ साली.

"चाळीस वर्षं," अण्णासाहेब गहिवरून म्हणाले. "किती वेळा सुधारित अंदाजपत्रक गेलं असेल हो!"

आणि अंदाजपत्रकाला मंजुरी देणारा, आराखडा काढणारा, वीट भाजून घेणारा आणि तक्रार करणारा, सगळे एकच. मधल्या काळात हा माणूस स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहून आला, गव्हर्नर झाला, परराष्ट्रमंत्री झाला, उपराष्ट्राध्यक्ष झाला, दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला, फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना घेऊन देशाचं क्षेत्रफळ दुप्पट करून आला. घर चालूच. ज्या सद्गृहस्थांच्या बंगल्याच्या गच्चीवर वर्षानुवर्षं सळया आकाशाकडे बघत उभ्या असतात त्यांनी हे उदाहरण लिहून ठेवावं.

जागा डोंगराच्या माथ्यावर. तीनशे साठ अंशांत देखावा, खाली निळ्या डोंगरांच्या रांगा, आणि पाणी नाही. पासष्ट फूट खोल विहीर खणली, ती कित्येक वर्षं कोरडीच पडायची. मग छपरावरचं पावसाचं पाणी साठवायला चार हौद बांधले, तेही गळायचे. विहीणबाई एवढा वेळ गप्प होत्या. त्यांना पहिल्यांदाच राष्ट्राध्यक्षांबद्दल आपुलकी वाटलेली दिसली. "व्ह्यू बघून घर घेतलं की हे असंच होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या थोरल्या जाऊबाईंचं तेच झालं."

आत शिरल्यावरचा दिवाणखाना म्हणजे वाट बघायची जागा. भेटायला येणारे इतके, की इथे २८ खुर्च्या मांडलेल्या असत. भिंतींवर हरणांची शिंगं, हत्तीच्या कुठल्या तरी नामशेष भावकीचा जबडा, नकाशे. लुइस आणि क्लार्क यांना पश्चिमेकडच्या अज्ञात मुलखात धाडलं होतं, त्यांनी पाठवलेल्या वस्तूही इथेच. कोपऱ्यात जेफरसनचा स्वतःचा अर्धपुतळा, आणि बरोब्बर समोर अलेक्झांडर हॅमिल्टनचा. हॅमिल्टन म्हणजे त्याचा राजकारणातला हाडवैरी. आपल्याकडे विरोधकाचा फोटो कार्यालयात लागतो तो, विरोधक आपल्या पक्षात आल्यावर. जेफरसनने हयातभर वैर पाळलं आणि पुतळा मात्र रोज डोळ्यांसमोर ठेवला.

पण सगळ्यांचं लक्ष होतं ते दारावरच्या घड्याळाकडे. हे घड्याळ त्याने फिलाडेल्फियात मुद्दाम बनवून घेतलेलं. दोन्ही बाजूंना दोऱ्या, आणि त्यांना तोफेच्या गोळ्यांसारखी लोखंडी वजनं ओवलेली. रविवारी शिडी लावून चावी द्यायची. मग आठवडाभर वजनं हळूहळू खाली उतरत जातात, आणि भिंतीवर वरून खाली वारांच्या पट्ट्या लावलेल्या आहेत: वजन ज्या पट्टीशी आलं तो वार. इतकी सोय आणि इतका खटाटोप एकाच वस्तूत क्वचित पाहायला मिळतो.

नातू पट्ट्या वाचत होता. सन्डे, मन्डे, असं करत तो जमिनीशी आला. "आबा, सॅटर्डे कुठंय?"

गाइडबाई हसल्या. बहुधा याच प्रश्नासाठी त्या थांबल्या होत्या. घड्याळ केलं होतं फिलाडेल्फियात. या भिंतीची उंची त्याला पुरेना. शुक्रवारपर्यंत कसंबसं बसलं. मग राष्ट्राध्यक्षांनी काय केलं, तर जमिनीला भोक पाडलं. शनिवार तळघरात आहे. दोरी भोकातून खाली जाते, आणि आज शनिवार आहे का हे बघायचं तर जिना उतरावा लागतो.

अण्णासाहेबांनी भोकाकडे बराच वेळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर, आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या राष्ट्रप्रमुखाला समजून घेतल्याचा भाव होता. "साइटवर असंच करावं लागतं," ते म्हणाले.

हे घड्याळ घराबाहेरही दिसतं. सज्ज्यातल्या भिंतीवर त्याची दुसरी तबकडी आहे. आतल्या तबकडीला तास, मिनिट, सेकंद सगळे काटे. बाहेरच्या तबकडीला एकच काटा, तासाचा. बाहेर शेतात राबणाऱ्यांना तेवढं पुरे, असा मालकाचा हिशेब. त्यांच्यासाठी छपरावर घंटाही होती, चिनी बनावटीची, तास वाजवणारी. मिनिटं ही आत बसलेल्यांची चैन. मी आतबाहेर दोनदा फिरून दोन्ही तबकड्या पाहिल्या, आणि त्यानंतर घरातली बाकीची गंमत मला जरा वेगळी दिसायला लागली.

गंमत खूप आहे. बैठकीच्या खोलीच्या काचेच्या दाराचं एक पान ढकललं की दुसरं आपोआप उघडतं. साखळी जमिनीखाली लपवलेली. त्याचा पलंग दोन खोल्यांच्या मधल्या कोनाड्यात: या बाजूने उठलं की निजायची खोली, त्या बाजूने उठलं की अभ्यासिका. (सौ. म्हणाली, "आणि भिंतीकडून कोणी झोपायचं, यावर भांडण नाही.") टेबलावर पत्रांची नक्कल करणारं यंत्र: एका लेखणीने लिहावं, तिला जोडलेली दुसरी लेखणी शेजारच्या कागदावर तसंच लिहीत जाते. या माणसाने आयुष्यात सुमारे १९,००० पत्रं लिहिली. स्थळप्रत ठेवायचा एवढा सोस मी फक्त भाडेकरूंशी खटला चालू असलेल्या माणसांत पाहिलाय.

जेवणघरात तर जादूच. शेकोटीच्या चौकटीत, दोन्ही अंगांना, चिंचोळी दारं. उघडली की आत बाटल्या वर आणणारा पाळणा: खाली मद्याच्या तळघरात कोणीतरी बाटली ठेवायची, वर यजमानाने दार उघडून काढून घ्यायची. पाहुण्यांना वाटावं, शेकोटीतूनच वाइन निघते. (राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात वाइनवर त्याचे दहा हजार डॉलरच्या वर गेले. पगार वर्षाला पंचवीस हजार.) दुसऱ्या भिंतीत फिरतं दार, त्याच्या पाठीला फळ्या. पलीकडून फळ्यांवर गरम ताटं मांडायची आणि दार फिरवायचं. ताटं आत, मांडणारा बाहेर. टेबलाशी चाकांची छोटी मांडणी, ज्याने त्याने आपापलं वाढून घ्यावं.

सगळे "वा!" म्हणाले. मीही म्हणालो. मग विहीणबाईंनी, ज्यांनी हयातभर पंगती वाढल्या आहेत, सरळ विचारलं, "आणि वाढणारे कुठे उभे राहायचे?"

उत्तर घरातच होतं, फक्त पायाखाली. स्वयंपाकघर, कोठ्या, काम करणाऱ्यांच्या खोल्या, सगळं दोन्ही बाजूंच्या गच्च्यांच्या खाली, डोंगराच्या उतारात दडवलेलं. जोडणारा बोळ जमिनीखालून. वर हिरवळीवर उभं राहिलं की काही म्हणजे काही दिसत नाही. घर तर बाहेरून एकमजली वाटतं, आणि आहे तीन मजली. वरच्या मजल्याच्या खिडक्या जमिनीलगत लावल्यात म्हणून खालच्या खिडक्यांचाच भाग वाटतात. जिने चोवीस इंच रुंद. आता अग्निशमनाच्या नियमांमुळे वरचे मजले बघायचे तर छोट्या गटाने वेगळं जावं लागतं. पण त्या जिन्यांवरून कपड्यांची गाठोडी, पाण्याच्या घागरी आणि आजाऱ्यांची ताटं वाहणारे होतेच. माणूस दिसू नये पण काम व्हावं, यासाठी एवढं डोकं खर्च केलेलं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. बुद्धी अचाट होती यात वाद नाही. तिचा बराचसा भाग दार फिरवणारा हात लपवण्यात गेला.

'सर्व माणसं समान जन्मतात' या अर्थाचं वाक्य ज्याने जगाला दिलं, त्याच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं होती. घराला समांतर मल्बेरी रो नावाचा रस्ता आहे, तिथे त्यांच्या झोपड्या आणि कामाचे कारखाने. १७९४ मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला. दहा ते सोळा वर्षांची मुलं दिवसभर खिळे ठोकायची, आणि कोणी किती लोखंडाचे किती खिळे काढले, वाया किती गेलं, हे जेफरसन जातीने लिहून ठेवायचा. हवामानाचीही नोंद तो अशीच नेमाने करी: ४ जुलै १७७६ ला, देश स्वतंत्र झाल्याच्या दिवशी, दुपारी एक वाजता ७६ अंश फॅरेनहाइट, हे आपल्याला ठाऊक आहे ते त्याच्यामुळे. त्याच दिवशी त्याने नवा तापमापकही खरेदी केला. खिळे, तापमान, पत्रं, वाटाण्याला पहिलं फूल कधी आलं: सगळं वहीत. हिशेब चोख लागला नाही तो फक्त एका बाबतीत.

दक्षिणेच्या गच्चीखाली एक बिनखिडकीची खोली २०१८ पासून लोकांना दाखवतात. सॅली हेमिंग्जची. तिचं चित्र एकही उपलब्ध नाही. जेफरसनची बायको लवकर गेली. पुढे सॅलीला झालेल्या मुलांचा बाप तोच, हे १९९८ च्या डीएनए चाचणीनंतर बहुतेक इतिहासकार मानतात. आणि सॅली ही त्या गेलेल्या बायकोची सावत्र बहीण, एकाच बापाची.

"म्हणजे मेहुणी," विहीणबाई म्हणाल्या.

नातं लावल्याशिवाय आपल्याकडच्या बायकांना इतिहास कळत नाही असं मी आजवर विनोदाने म्हणत आलो. त्या खोलीत ते म्हणवेना. नात्याने मेहुणी आणि कागदोपत्री मालमत्ता.

बाहेर उन्हात आल्यावर नातवाने बागेत धूम ठोकली आणि आम्हीही मुकाट त्याच्या मागे गेलो. बाग म्हणजे डोंगराच्या अंगावर कोरलेली हजार फूट लांबीची पट्टी, आणि तीत भाज्या. तीनशे तीसच्या वर वाण त्याने लावून बघितले. दोन्ही आज्या ओळींमधून चालत सरकारी तपासणीला आल्यासारख्या पानं उलटीपालटी करत होत्या. वांगी सापडली. भेंडी सापडली, चांगली कोवळी. जेफरसनने तेलासाठी तीळही लावून पाहिला होता हे कळल्यावर संक्रांतीचा विषय निघाला. दोघींचं एकमत पहिल्यांदा झालं ते इथे: भेंडी वेळेवर तोडत नाहीत, जून होणार.

वाटाणा ही त्याची खास आवड. शेजाऱ्यापाजाऱ्यांत दरवर्षी पैज असे; ज्याच्याकडे पहिला वाटाणा निघेल त्याने बाकीच्यांना जेवायला बोलवायचं. जॉर्ज डायव्हर्स नावाचे शेजारी बहुधा जिंकत. एका वर्षी पहिला वाटाणा जेफरसनच्या बागेत आला. घरच्यांनी म्हटलं, बोलवा की सगळ्यांना. हा म्हणाला, नको, डायव्हर्सना वाईट वाटेल. जेफरसनच्या नातवाने सांगितलेली आठवण आहे. मी मात्र संशयी माणूस. पाहुणे जेवायला बोलवायची वेळ आली आणि यजमानाने सौजन्य दाखवून ती टाळली, तर त्यामागे निव्वळ सौजन्यच असेल असं मला वाटत नाही. आणि जेफरसनच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण पाहुण्यांनी त्याला उद्ध्वस्त केलं होतं.

हे प्रकरण मी चार ज्येष्ठ नागरिकांच्या वतीने, जरा खाली मान घालूनच ऐकलं. पद सोडून १८०९ मध्ये तो घरी आला आणि लोक यायला लागले. नातेवाईक, स्नेही, स्नेह्यांचे स्नेही, चिठ्ठी घेऊन येणारे, चिठ्ठी न घेता येणारे. घर सांभाळायची थोरली लेक मार्था. तिच्यावर एकावेळी पन्नास बिछान्यांची सोय करायची पाळी आल्याचं सांगतात. नुसतं 'बघायला' येणारेही असत. हा जेवायला बसला की खिडकीतून बघायचे. एका बाईने म्हणे जास्त नीट दिसावं म्हणून छत्रीने खिडकीची काच फोडली. पाहुण्यांचे घोडे वेगळे, त्यांचा दाणा-चारा वेगळा. देशाचा राष्ट्राध्यक्ष होता, जा म्हणता येत नाही. मग त्याने काय केलं? आपल्याच घरातून पळून तो सुमारे नव्वद मैलांवरच्या दुसऱ्या घरी जाऊ लागला; ते त्याने पदावर असतानाच बांधायला घेतलं होतं. पॉप्लर फॉरेस्ट. अष्टकोनी, आटोपशीर. घोडागाडीने तीन दिवस लागत. तिथे तो पुस्तकं वाचत बसे आणि मॉन्टिचेलोत मार्था पाहुण्यांना वाढत बसे.

हे ऐकताना माझी मुलगी आणि जावईबापू यांनी एकमेकांकडे बघितलं. फार थोडा वेळ, पण बघितलं.

या सगळ्याचा शेवट कर्जात झाला यात नवल नाही. १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं, त्यात काँग्रेसचं ग्रंथालय गेलं. जेफरसनने आपली ६,४८७ पुस्तकं २३,९५० डॉलरला सरकारला दिली. ती न्यायला दहा गाड्या लागल्या. पैसे सावकारांकडे गेले आणि त्याने पुन्हा पुस्तकं घ्यायला सुरुवात केली. अखेरीस कर्ज लाखाच्या वर गेल्यावर व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्याला एक सवलत दिली: मालमत्तेची लॉटरी काढायची. राष्ट्राध्यक्षाच्या घरादाराची लॉटरी, खरोखर तिकिटं काढून! ती योजनाही फसली. ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, तो वारला. त्याच दिवशी दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्सही वारले; जाण्याची तारीख निवडण्यात दोघांनीही हार मानली नाही. १८२७ च्या जानेवारीत लिलाव झाला: खुर्च्या, गुरं, अवजारं, आणि १३० माणसं. त्यात अकरा वर्षांचा पीटर फॉसेट होता. तो पुढे सिनसिनाटीत खानपानाच्या धंद्यात नावारूपाला आला, धर्मोपदेशक झाला, आणि १९०० साली म्हातारपणी पुन्हा एकदा हे घर बघून गेला. या वेळी दर्शनी दारात उभा राहिलेला पाहुणा म्हणून.

थडगं घरापासून उतरतीवर आहे. वरचा दगड मूळचा नाही. मूळ दगडाचे तुकडे भाविक लोक आठवण म्हणून फोडून नेऊ लागले, तेव्हा तो उचलून मिसूरीच्या विद्यापीठाला दिला आणि इथे नवा बसवला. मजकूर त्याने स्वतः लिहून ठेवला होता. जाहीरनाम्याचा कर्ता; व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा कर्ता; व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक. संपलं. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेखही नाही.

अण्णासाहेबांनी मजकूर चष्मा लावून दोनदा वाचला. त्यांच्या साताऱ्याच्या बंगल्यावर 'निवृत्त उपअभियंता (वर्ग १)' अशी पितळी पाटी आहे, आणि लग्नाच्या बोलणीत ती आम्ही पाहिली होती. "राहिलं असेल लिहायचं," ते म्हणाले. "कारकुनाची चूक."

एवढं झाल्यावर कोणीही घरी गेलं असतं. पण दोन-तीन मैलांवर पाचवे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांचं हायलँड आहे आणि रस्त्यावरच लागतं म्हटल्यावर जाणं आलं. "अजून एक राष्ट्राध्यक्ष?" असं विहीणबाईंनी 'अजून एक चपाती?'च्या सुरात विचारलं, पण उतरल्या.

हायलँडचं घर साधं, बसकं, मॉन्टिचेलोपुढे अगदीच लहान. तसं लहान का, याची कथा तिथल्या गाइडने सांगितली. वर्षानुवर्षं लोक हेच मन्रोंचं राहतं घर समजून बघत होते, माना डोलवत होते: किती साधी राहणी! मग अंगणात उत्खनन झालं आणि २०१६ मध्ये जाहीर झालं, की मन्रोंचं खरं मोठं घर केव्हाच जळून गेलं, त्याचा पाया इथे मातीखाली आहे. आणि उभं आहे ते, १८१८ च्या सुमारास बांधलेलं पाहुण्यांचं घर.

अण्णासाहेबांनी कोणी बघत नाही असं पाहून भिंतीवर टकटक केलं आणि समाधानाने मान हलवली. सौ. आणि विहीणबाई ओसरीतल्या बाकावर टेकून, पाहुण्यांसाठी वेगळं घर ही केवढी सोय आणि ते आमच्या मुलांना कसं सुचत नाही, यावर बोलू लागल्या. दोघींचं एकमत होण्याची ही त्या दिवसातली दुसरी वेळ.

जावईबापू गाइडजवळ जाऊन हळू आवाजात विचारत होते, की जेफरसनचं ते दुसरं घर, पॉप्लर फॉरेस्ट, इथून किती लांब पडेल.

"दीड तास," गाइड म्हणाली. "किती जण आहात?"

जावईबापूंनी मागे वळून बाकाकडे बघितलं, भिंतीशी उभ्या वडिलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सात," ते म्हणाले.